मधमाशी, गांधीलमाशी आणि परक्या जाती

न्यूझीलंडमध्ये युरोपातून शिरलेल्या गांधीलमाश्यांविषयी नुकताच वाचलेला एक लेख माहितीपूर्ण असला, तरी त्यात ‘डंख मारणाऱ्या माश्या’ म्हणून मधमाश्यांनाही त्यांच्याच माळेत ओवले आहे, ते पटत नाही. मधमाशीचे अंग लवदार असते, ती पिलांना पराग आणि मध भरवते व पोळे मेणाचे बांधते; गांधीलमाशी मात्र पिलांसाठी कीटक मारून आणते आणि लाकूड कुरतडून, चावून, त्याच्या लगद्यापासून कागदासारखे घर रचते. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जुन्या घरांच्या पडवीत वाशाला देठाने लटकलेले असे करडे घर खालून निरखले, तर उघड्या खणांतून अळ्यांची डोकी दिसतात.

न्यूझीलंडमधील खरे नुकसान डंखाचे नव्हेच. १९४० च्या दशकात तेथे पोचलेली जर्मन गांधीलमाशी आणि १९७० च्या दशकात रुजलेली तिची भावंड जात, दक्षिण बेटावरील बीच वृक्षांच्या खोडांवरचे, झाडाचा रस शोषणारे खवलेकीटक जो गोड रस बाहेर टाकतात, तो फस्त करतात. केसासारख्या तंतूच्या टोकाला थेंबाथेंबाने लोंबणाऱ्या या रसावर जगणाऱ्या काका, तुई या पक्ष्यांच्या तोंडचा घास त्यामुळे जातो.

परकी जात म्हणजे उपद्रवीच, असेही नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून गांधीलमाश्यांच्या दूरच्या नात्यातले चिमुकले परजीवी कीटक भारतात मुद्दाम आणले गेले आणि ते उपयोगी ठरले. (पेट्यांत पाळली जाणारी इटालियन मधमाशीही मूळची बाहेरचीच, आपली देशी मधमाशी ती सातेरी.)