‘रक्त कमी? मग सगळी खनिजं घ्या’ हा सल्ला का मानू नये

‘हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी. लोहाची गोळी घ्या, जोडीला झिंक, तांबं, कोबाल्टही घ्या. जास्त झालं तर शरीर बाहेर टाकतं.’ हा मजकूर सध्या खूप फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातून माणसांना इजा होऊ शकते, म्हणून हे उत्तर.

लोहाची कमतरता हे ॲनिमियाचं सर्वांत मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, थॅलेसेमिया असेल, तरीही हिमोग्लोबिन उतरतं. जुनाट दाहात (शरीरात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या सुजेत) यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवतं आणि साठ्यातलं लोह अडकून पडतं. म्हणून गोळीआधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासायचं. दाह असताना मात्र फेरिटिन फसवं वाढतं, याची डॉक्टरांनाही आठवण करून द्यायला हरकत नाही.

‘जोडीला झिंक आणि तांबं’ हा भाग सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. नुसत्या दुधावर वाढवलेल्या उंदरांचा ॲनिमिया फक्त लोहाने बरा होत नाही, तांब्याची जोड लागते, हे विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२८ सालीच दिसलं होतं. लोह आतड्यातून रक्तात उतरवणाऱ्या प्रथिनाला तांबं लागतं. पण झिंक इथे उलटं काम करतं. प्रौढांची रोजची गरज ८ ते ११ मिलिग्रॅम, वरची मर्यादा ४०. त्याहून जास्त झिंक महिनोन्‌महिने पोटात गेलं की आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं; ते तांबं धरून ठेवतं आणि पेशी गळाल्या की तांबंही शौचावाटे जातं. मग हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर होतात, तोल जातो. लोहाच्या गोळ्यांनी यात काहीच फरक पडत नाही, आणि मज्जातंतूंची इजा दरवेळी पूर्ण भरून येत नाही.

कोबाल्ट माणसाला लागतं ते बी-१२च्या रेणूत बसलेलं. त्याचे क्षार पूर्वी ॲनिमियावर देत. थायरॉईड आणि हृदयाला अपाय होतो म्हणून ते मागे पडले.

राहिलं ‘शरीर बाहेर टाकतं’. जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणाच शरीरात नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम जातं, बाकीचं यकृतात आणि हृदयात साचतं.

झिंकची गोळी बरेच महिने चालू असेल आणि रक्तही कमी असेल, तर डॉक्टरांना ती गोळी दाखवा आणि तांबं व सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) तपासायचं का, हे विचारा.