दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात तपासायचं काय?

दातांच्या छोट्या दवाखान्यांची तपासणी हा निव्वळ छळ आहे, असा एक मजकूर सध्या फिरतोय. माझ्याच पेशातल्या बऱ्याच जणांनी तो पुढे पाठवलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : दाताच्या उपचाराने कोणाचा जीव जात नाही, अवजारं ऑटोक्लेव्हमधूनच, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातूनच निघतात, पाणी फिल्टरचं असतं, रुग्ण समाधानी असतात, मग तपासणीला येणारे नुसते कागद चाळून प्रामाणिक डॉक्टरचा दिवस वाया घालवतात. मी स्वतः दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवते आणि काही वर्षांपासून इतरांच्या दवाखान्यांच्या तपासणीलाही जाते. म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

‘दाताच्या उपचाराने कोणाचा जीव जात नाही.’

जातो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एक बाई लीजनेअर्स या फुप्फुसाच्या आजाराने दगावल्या. संसर्ग झाला असण्याच्या काळात त्या घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त दातांच्या डॉक्टरकडे जायला. तिथल्या खुर्चीच्या पाण्यातले जिवाणू आणि त्यांच्या फुप्फुसातले जिवाणू जनुकीय तपासणीत जुळले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा इथे एका दंतशल्यचिकित्सकाच्या सुमारे ७,००० रुग्णांना हेपटायटिस आणि एचआयव्हीसाठी रक्त तपासून घ्या, असं कळवावं लागलं. एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाला हेपटायटिस सी झाल्याचं तिथे सिद्ध झालं. तो काही मोठा दवाखाना नव्हता, एका डॉक्टरचा खासगी व्यवसाय होता.

अशा घटना रोज घडत नाहीत, हे खरं. पण मोठ्या इस्पितळात निर्जंतुकीकरणाचा वेगळा विभाग असतो, त्यावर लक्ष ठेवणारी माणसं असतात. आपल्याकडे एकच असिस्टंट फोन घेते, लाळ ओढणारी सक्शनची नळी धरते, अवजारं घासते आणि ऑटोक्लेव्हही लावते. तिच्या हातून एखादी गोष्ट राहून गेली तर ती पकडणारं दुसरं कोणी नसतं.

‘ऑटोक्लेव्ह आहे, मग अवजारं निर्जंतुकच.’

सगळ्यात जास्त विश्वास या वाक्यावर असतो. अवजारं ज्या कागदी पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात, त्या पाऊचवरची पट्टी रंग बदलते तेव्हा एवढंच कळतं, की पाऊच गरम वाफेतून गेलं. आतल्या अवजारापर्यंत १२१ अंशांची वाफ पंधरा-वीस मिनिटं पोचली का, किंवा १३४ अंशांची तीन-चार मिनिटं, हे त्या पट्टीवरून ठरत नाही. हँडपीस, म्हणजे दात कोरायचं हातातलं यंत्र, आतून पोकळ असतो. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये त्या पोकळीतली हवा पूर्ण निघत नाही, आणि हवा अडकली तिथे वाफ पोचत नाही. निर्वात पंपाचा ऑटोक्लेव्ह आधी ती हवा ओढून घेतो. म्हणून हँडपीससाठी तोच लागतो.

खरी परीक्षा स्पोर टेस्टची. अतिशय चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची, त्याची एक फेरी झाल्यावर ती वाढीसाठी ठेवायची; काही उगवलं तर मशीन नापास. ही चाचणी निदान आठवड्यातून एकदा करायची असते. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात एकदा ती नापास झाली. काटा बरोबर १२१ दाखवत होता, पट्ट्या रंग बदलत होत्या, आणि झाकणाची रबरी रिंग झिजून वाफ गळत होती. आधीची चाचणी आठवड्यापूर्वी पास झाली होती, त्यामुळे फक्त त्या सात दिवसांचे रुग्ण आणि त्या सात दिवसांची पाऊच शोधायची होती. पाऊचवर तारीख आणि फेरीचा क्रमांक होता म्हणून ती सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर चाचणीच केली नसती तर मी कोणाकोणाला शोधणार होते?

तपासणीत मी एक साधा हिशेबही मांडते. काल हँडपीस लागलेले रुग्ण किती? वीस. हँडपीस किती? तीन. लॉगबुकात ऑटोक्लेव्हच्या फेऱ्या किती? दोन. तीन दुणे सहा. उरलेल्या चौदा जणांच्या तोंडात काय गेलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मधे स्पिरिटने पुसतो.’ पुसल्याने हँडपीसच्या आत शिरलेली लाळ आणि रक्त निघत नाही. इथे डॉक्टर वाईट असतो असं नाही. हा हिशेब त्याला कधी कोणी विचारलेला नसतो.

‘पाणी फिल्टरचं आहे.’

फिल्टर कुठे आहे? नळापाशी. खुर्चीच्या आतल्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचून असतं, आणि त्यांच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. स्वच्छ पाणी त्या थरावरून वाहत रुग्णाच्या तोंडात येतं. वेगळी बाटली लावली तरी नळ्या त्याच राहतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे एकाच दवाखान्यात दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या ७० हून अधिक मुलांना मायकोबॅक्टेरियम या जिवाणूचा संसर्ग झाला. कितीतरी मुलांच्या जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचा माग खुर्चीच्या पाण्यापर्यंत गेला. नेहमीच्या उपचारांसाठी पाण्यात दर मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जिवाणू नसावेत, ही मान्य मर्यादा आहे. नळ्यांना ठरल्या वेळी औषध सोडायचं, प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद पाणी वाहू द्यायचं, आणि दात काढताना हाड कापावं लागलं तर निर्जंतुक सलाइनच वापरायचं. हे होतंय की नाही, ते पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय ना डॉक्टरला कळतं ना रुग्णाला.

‘रुग्ण समाधानी आहेत, तक्रार एकही नाही.’

हेपटायटिस बीची लक्षणं दिसायला दीड ते सहा महिने लागतात. तोवर दाढ साफ केल्याचं कोणाच्या लक्षात राहतं? कामाच्या दर्जाचंही तसंच. रूट कॅनालमध्ये एक नळी भरायची राहून गेली तर रुग्ण त्या दिवशी हसतच घरी जातो, आणि मुळाशी गाठ वर्षांनी दिसते. म्हणून मी दहा फाइली मागते, आणि त्या मीच निवडते. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, दाताचा क्रमांक, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची विचारणा केल्याची नोंद, रुग्णाची संमती. हे सगळं जागच्या जागी असलेले दवाखाने आहेत, आणि तिथून निघताना फार बरं वाटतं.

‘तपासणी म्हणजे नुसती कागदपत्रं.’

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करते. एकाच शाईने एकाच दिवशी भरलेली वर्षभराची लॉगबुकं मी पाहिली आहेत, आणि त्यांवर सही करून गेलेले तपासनीसही. एक्स-रे काढताना रुग्णाला घालायचा शिशाचा एप्रन खुंटीवर दिसला की खूण करतात, एक्स-रे मशीनचा झोत चौकोनी नळीने हव्या तेवढ्याच जागेपुरता आवळलाय का ते बघतच नाहीत. खरं तर अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रनचा आग्रह सोडला आणि झोत आवळण्यावर भर दिला.

पण वाईट तपासणीवर उपाय चांगली तपासणी हाच आहे. ‘ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून दाखवा’ म्हटलं की किल्ली कुठे आहे इथपासून शोध सुरू होतो. ॲड्रिनलिनची मुदत संपलीय का, आणि मोठ्या माणसाला ॲलर्जीचा जोराचा झटका आला तर अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचं हे खोलीतल्या किती जणांना माहीत आहे, हे कागदावर दिसत नाही.

आणि असिस्टंटशी वेगळं बोलावं लागतं. एका नीटनेटक्या दवाखान्यात सगळं पाहून झाल्यावर तिथल्या मुलीला मी विचारलं, तुला काही अडचण येते का? ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, पाऊच ओलीच निघतात. मी पंख्याखाली वाळवते. चालतं ना?’ चालत नाही. ओल्या कागदातून जंतू आत जातात, ते पाऊच निर्जंतुक धरताच येत नाही. डॉक्टरांना हे चांगलं माहीत होतं. आपल्याकडची पाऊच ओली निघतात, हे मात्र त्यांना त्या दिवशी कळलं.