गड्ड्यात हात धरून फिरली, म्हणून?

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी स्वतःहून मित्राबरोबर जाते, गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, त्याचा हात धरून फिरते आणि बिनसलं की अत्याचाराचा आरोप करते. खरंच काही झालं असतं तर ती ओरडली असती, त्याच दिवशी घरी सांगितलं असतं. आईबापांनी गवगवा करू नये, लग्न लावून द्यावं, नाहीतर विसरायला लावावं. काळ सगळं भरून काढतो.

ज्या मुलीवर हे गुदरलंय, तिच्याही फोनवर हा मजकूर येतो. म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी ‘स्वतःहून गेली’ हे. हात धरू दिला, तर होकार फक्त हात धरण्यापुरताच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 प्रमाणे संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्याला स्वेच्छेनं दिलेला स्पष्ट होकार. प्रेम असलं, आधी जवळीक झालेली असली, तरी त्या दिवशीचा नकार हा नकारच. आणि देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो.

‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न महाराष्ट्रानं तरी विचारू नये. 1972 साली मथुरा या आदिवासी मुलीवर इथल्याच पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, 1983 साली कायदा बदलला. आज कायदाच सांगतो की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येत नाही. भीतीनं शरीर थिजतं, आवाज फुटत नाही. समोर जीव लावलेला माणूस असेल तर मन झालेलं मानायलाच तयार होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच त्याला ‘जेवलास का’ विचारते. त्यात तिचा खोटेपणा शोधू नका. बलात्काराच्या तक्रारीला कायद्यानं मुदतही घातलेली नाही.

‘काळ भरून काढतो’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण इथे तासांचा हिशेब असतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळणारी गोळीही जितकी लवकर तितकी बरी. सिव्हिल असो की खासगी दवाखाना, उपचार फुकट करणं कायद्यानं बंधनकारक आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण तपासणी तिच्या संमतीनंच होते. जिचा धसका घेतात ती दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून केलेली तपासणी) 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं ठामपणे बंद करायला सांगितली.

मनाचं दुखणं जास्त रेंगाळतं. झोप उडते, एखाद्या अत्तराच्या वासानं छातीत धडधडतं, ‘माझंच चुकलं’ हे डोक्यातून जात नाही. ती पहिल्यांदा ज्याला सांगते, त्याच्या तोंडून काय निघतं यावर पुढचं बरंच ठरतं. ‘तू गेलीसच का?’ म्हणालात, तर ती पुन्हा कित्येक वर्षं बोलणार नाही. ‘माझा विश्वास आहे, तुझी चूक नाही, आता तुला काय हवंय?’ एवढं पुरे. तपशील खोदू नका, निर्णय तिला घेऊ द्या. ती अठराच्या आतली असेल तर मात्र पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेही तिच्यापासून लपवू नका.

181 ही महिलांची हेल्पलाइन. 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलतात. आपल्या पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोटकडच्या मुलीला आईच्या भाषेत रडता येणं ही लहान गोष्ट नाही.

गवगव्याचं म्हणाल, तर तिचं नाव छापणं वा फिरवणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

राहिलं लग्न. अशा खटल्यांत लग्न किंवा तडजोड सुचवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली न्यायाधीशांनाच बजावलं. तरी आपल्याकडे मामा-काका बैठकीत तेच ठरवतात. त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली बळजबरी आजही आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही. म्हणजे ज्या गुन्ह्याची तक्रार ती आज करू शकते, तोच उद्या त्यानं पुन्हा केला तर बलात्कार म्हणून तिला नोंदवताही येणार नाही.