नंबरावर नाव दिसले म्हणजे माणूस ओळखला असे नाही

आमच्या राळेगाव तालुक्यात सध्या एक संदेश प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरतो आहे. भजनी मंडळाच्या गटात, बचत गटाच्या गटात, कापसाच्या भावाच्या गटात, सगळीकडे तोच. मजकूर थोडक्यात असा: "अनोळखी फोन आला तर नंबर ॲपमध्ये टाका. नाव दिसले तर माणूस खरा. लाल दिसला तर चोर. बँकेचे नाव आणि चिन्ह दिसले तर निर्धास्त बोला. पहिल्या चार आकड्यांवरून गाव आणि कंपनी कळते. तरी शंका वाटली तर यूपीआयवर एक रुपया टाका, खरे नाव येते. नाव न दिसणारा फोन उचलूच नका."

मी गावात सेवा केंद्र चालवतो. ई-केवायसी, सातबारा, पीएम किसानचे हप्ते ही रोजची कामे. ती करताना चार-पाच जण तरी फोन माझ्यापुढे धरतात: "पाय बरं भाऊ, हा नंबर कोनाचा हाय?" त्यामुळे हा संदेश किती मनावर घेतला जातो हे मी रोज बघतो. पाठवणाऱ्यांची भावना चांगली आहे यात शंका नाही. पण त्यातली एकही ओळ जशीच्या तशी खरी नाही, आणि दोन ओळींनी आमच्या लोकांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे.

आधी नावाचे बघू. गावात पुष्कळांना वाटते की ॲपमध्ये दिसणारे नाव सरकारी नोंदीतून येते. तसे नाही. यातले सर्वांत परिचित ट्रूकॉलर ही २००९ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली खासगी कंपनी आहे. अशा ॲपांमधली नावे मुख्यतः वापरणाऱ्यांकडूनच गोळा होतात. कोणी स्वतःचे नाव भरतो, कोणी दुसऱ्याचे सुचवतो. त्यामुळे नंबर ज्या नावाने लोकांना माहीत, ते नाव दिसते. माझा स्वतःचा नंबर काही जणांच्या फोनवर "सेतूवाला भाऊ" असा येतो. ठगाने नवे सिम घेऊन "कृषी अधिकारी" असे नाव भरले तर तेही काही काळ दिसू शकते.

आणि नंबर कायम एकाच माणसाचा राहत नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. माझ्या बायकोने घेतलेले सिम आजही लोकांच्या फोनवर एका गिट्टीवाल्याच्या नावाने दिसते, आणि त्याच्या थकलेल्या कर्जाचे फोन तिला येतात. वसुलीवाल्याला ती सांगते, मी तो माणूस नाही. तो म्हणतो, नाव तर तुमचेच दिसते आहे!

इथे कोणी म्हणेल, आता सिमवरचे खरे नाव दाखवायची सोय येते आहे. हो, दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली. सिम घेताना अर्जात जे नाव लिहिले, ते कंपनीनेच फोन घेणाऱ्याला दाखवायचे. ॲपपेक्षा ही सोय नक्कीच चांगली आहे. पण ते नाव सिमच्या मालकाचे असते, बोलणाऱ्याचे नव्हे. आमच्याकडे सासऱ्याच्या नावाचे सिम सून वापरते, आणि पुण्यात कंपनीत असलेल्या पोराचे सिम अजून बापाच्या आधारवर आहे. ठगांकडची सिमे तर दुसऱ्याच कोणा गरिबाचा अंगठा घेऊन काढलेली असतात. म्हणूनच फसवून सिम मिळवण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे. आपल्या नावावर किती सिमे चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर बघता येते. माझ्याकडे येणाऱ्याला मी हे करूनच घरी पाठवतो.

आता लाल रंगाचे. मला सगळ्यांत जास्त याचाच राग आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२०२४ चा खरीप. एक रुपयात पीक विमा होता आणि पाण्याने शेत बुडाले तर ७२ तासांत कळवावे लागे. माझ्या शेजारच्या काकांच्या तीन एकर सोयाबीनमध्ये पाणी साचले. त्यांनी पीक विम्याच्या १४४४७ या नंबरावर कळवले, नोंद झाली. मग पाहणी करणाऱ्याच्या फोनची वाट. फोन आला तो लाल रंगात. खाली लिहिलेले, इतक्या जणांनी तक्रार केली आहे. काकांनी कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा नंबरच ब्लॉक करून टाकला. आठ दिवसांनी मला म्हणाले, "लाल दिसून राह्यलं होतं, म्हून कापला म्या. गटात तसंच लिहिलं होतं ना?" मी तो नंबर लावून पाहिला. पाहणी करणारा पोरगाच होता. आमच्या गावाची यादी संपवून तो पुढच्या महसूल मंडळात गेला होता.

तो लाल का झाला असेल, याचा विचार करा. दिवसभरात शेकडो अनोळखी लोकांना फोन करणे हेच त्याचे काम. त्यातल्या वीस-पंचवीस जणांनी कंटाळून "त्रासदायक" असे बटन दाबले की झाले. कुरिअरवाला, गॅसवाला, सर्वेक्षणवाला, सगळ्यांची हीच गत. उलट काल सिम घेतलेल्या ठगावर एकही तक्रार नसते. त्याचा नंबर स्वच्छ दिसतो. लाल होतो तो पहिले दहा-बारा जण फसल्यावर. म्हणजे जो सर्वांत नवा, सर्वांत धोक्याचा, त्याच्याविषयी हा रंग काहीच सांगत नाही.

बँकेच्या चिन्हाबद्दल. व्हॉट्सॲपवर कोणीही कोणत्याही बँकेचे चिन्ह किंवा पोलिसाच्या वर्दीतला फोटो लावू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. साध्या फोनवर दिसणारा नंबरही खोटा उमटवता येतो. परदेशातून केलेला फोन भारतातला नंबर दाखवू शकतो. असे फोन अडवायची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली ती याचसाठी. ओळखायची खूण हवीच असेल तर एक कामाची आहे: रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले की ग्राहकाच्या खात्यासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करा आणि जाहिरातीचे १४० वरून. तेव्हा दहा आकडी साध्या मोबाइलवरून "तुमचे खाते बंद होत आहे" असे कोणी म्हणाला तर "उद्या शाखेत येतो" म्हणून ठेवून द्यायचे. खरा बँकवाला यावर रागावत नाही.

पहिल्या चार आकड्यांवरून गाव कळते हे तर कधीच खरे नव्हते. मुंबई वगळता सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच दूरसंचार मंडळ आहे. वणी असो की पणजी, नंबरावरून इतकेच कळणार. तेही आता नाही, कारण जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशभरात कुठेही, कोणत्याही कंपनीत जाता येते.

एक रुपया टाकून नाव बघण्याची युक्ती लोकांना फार आवडते. पैसे पाठवताना बँकेच्या नोंदीतलेच नाव दिसावे असा नियम २०२५ मध्ये झाला, आणि त्यासाठी रुपया टाकायचीही गरज नाही. पण दिसते ते खातेदाराचे नाव. ठगांची खाती भाड्याची असतात. दोन-चार हजार घेऊन पासबुक आणि एटीएम कार्ड देऊन बसलेले तरुण सगळीकडे आहेत. तुम्हाला एका साध्यासुध्या माणसाचे नाव दिसते आणि तुम्ही म्हणता, हा तर खरा निघाला.

आणि शेवटचे, नाव न दिसणारा फोन उचलूच नका. शहरात पगारदाराला हे परवडेल. आमचे कामच अनोळखी नंबरांवरून येते. सेवाग्रामला भरती असलेल्या पेशंटजवळचा माणूस बाजूच्या खाटेवाल्याचा फोन मागून लावतो. कापसाच्या जिनिंगवरून गाडी कधी खाली होणार हे सांगणारा नंबर दर वेळी वेगळा. नुसता फोन उचलल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. पैसे जातात ते ओटीपी सांगितल्याने, "पीएम किसान" नावाची एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडल्याने, किंवा समोरचा सांगतो तो कोड लावून आपले फोन त्याच्याकडे वळवल्याने.

मी काकांच्या फोनमध्ये तलाठी, कृषी सहायक, बँकेची शाखा आणि पीएम किसानचा १५५२६१ हे नंबर नावानिशी भरून दिले. मागे कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरात १९३०, पैसे गेले तर ताबडतोब लावायला. बाकी अनोळखी फोन ते आता उचलतात. "कोन बोलता, कोन्या कामानं?" एवढे विचारतात. ओटीपी, फाइल, पैसे यातले काही निघाले की पुढचे ऐकत नाहीत. मागच्या महिन्यात असाच एक लाल नंबर त्यांनी उचलला. सोलर पंपाची जागा पाहायला आलेला माणूस फाट्यावर उभा होता, त्याला शेताचा पांदण रस्ता सापडत नव्हता.