माळ्यावरचा राऊटर

आमचं साताऱ्याचं घर आजोबांनी बांधलेलं, भिंती दीड फुटाच्या, दगडामातीच्या. उन्हाळ्यात काय गार राहतं हो, असं आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला, त्याला मागच्या खोलीत बसून मिटिंगा करायच्या नसतात. राऊटर पुढं सोप्यात, माझं टेबल पार मागं, मधे माजघर आणि माजघरात आईचं आरशाचं लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय माजघराच्या उंबऱ्यावरच नांगी टाकायचं, २.४ वालं भिंतीतून जरा बरं जातं म्हणून लंगडत लंगडत यायचं आणि नेमकं माझं तोंड उघडं असताना मला फ्रीज करायचं. त्याचे स्टिकर ऑफिसच्या ग्रुपवर फिरतात.

बायको म्हणाली एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पुढं ढकलणारं डबडं, घेऊन टाक. पण ज्याच्या घराला माळा आहे तो माणूस नवीन वस्तू घेत नसतो. चढलो. जुना राऊटर लगेच मिळाला, अडॅप्टर मात्र सात निघाले आणि कुठला कुणाचा ते देव जाणे. राऊटरच्या पोटावर ९ व्होल्ट लिहिलेलं, हाताला येईल तो १२ चा. नऊवाला शेवटी गणपतीच्या डेकोरेशनच्या खोक्यात, झिरमिळ्यांत गुंडाळलेला सापडला.

मग रिसेट, म्हणजे जुनी सेटिंगं पुसणं. आईची सेफ्टी पिन त्या भोकात घालून दहा सेकंद दाबायची होती, बाबांनी खुर्चीतून मोठ्याने आकडे म्हणले, आठवर पोचले आणि आईने चहा देऊ का विचारलं म्हणून परत एकपासून.

पुढच्या राऊटरपासून मागच्या खोलीत या जुन्यापर्यंत न्यायच्या वायरचं तर विचारूच नका. भिंतीला भोक पाडू का म्हणल्यावर बाबांनी असं काही बघितलं की मी गुपचूप माळ्यावरून वीस मीटर केबल नेली. टोकाला कनेक्टर बसवायचा म्हणजे आतल्या आठ तारा रंगाच्या क्रमाने लावायच्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, मग निळी, इथं मी दरवेळी हिरवी घालायचो (हिरवीनंतर हिरवी येईल असं कुणालाही वाटेल ना राव), चूक झाली की टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. क्रिंपिंगची (कनेक्टर दाबून बसवायची) पक्कड केबलवाल्याकडून मागून आणलेली, तो दोनदा बघून गेला की झालं का म्हणून.

एवढं करून दोन्ही राऊटर जोडले आणि सगळ्या घराचंच नेट गेलं. आईचं यूट्यूबवरचं कीर्तन ऐन रंगात आलेलं. झालं असं की दोन्ही राऊटरचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१, आणि दोघंही घरातल्या मोबाईलना आपापल्या मनाने आयपी (नेटवर्कमधले पत्ते) वाटत सुटलेले. एका घरात दोन कर्ते. बरं, मी इतका शहाणा की ते सेटिंग कसं बदलायचं हे बघायला नेट हवं होतं आणि नेट तर मीच घालवलेलं. मोबाईल डेटावर बघून, जुना तेवढा लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १.२ केला, त्याचं डीएचसीपी (हे पत्ते वाटायचं काम) बंद केलं, म्हणजे वाटप फक्त थोरल्याकडे. वायर त्याच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमधून (बाहेरचं नेट घ्यायच्या) काढून लॅनच्या (घरातल्या घरात जोडायच्या) पोर्टात घातली. वायफायचं नाव, पासवर्ड तेच ठेवले, फक्त चॅनल एकाला १ आणि दुसऱ्याला ११ दिला, नाहीतर एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात.

आणि आलं की! मागच्या खोलीत फुल दांड्या. जुना असल्यामुळे शंभर एमबीपीएसच्या वर जात नाही, पण मला कुठं रॉकेट सोडायचंय.

प्रश्न एकच राहिला, बाबा. रात्री दहाला घरातली बटणं बंद करत फिरायची त्यांची जुनी सवय, आणि त्या फेरीत आता ‘तो मागचा लाल दिवा’ पण आला. मी हिशोब मांडून दाखवला, ९ व्होल्ट, ०.६ अँपियर, म्हणजे जास्तीत जास्त ५.४ वॅट, चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. बाबा म्हणाले, “चार युनिट म्हणजे काय फुकट येतात होय?”

परवा रात्री अमेरिकेच्या क्लायंटला मी सांगत होतो की माझ्याकडचा नेटचा प्रॉब्लेम आता कायमचा सुटला. ‘सुटला’ म्हणताना माझं तोंड कसं दिसतं ते आता ग्रुपवर सगळ्यांना माहितीय.