पाचजणांना टोल, एकट्याला माफी

कामून? एवढं एकच मला कुणीतरी सांगा. 2025 च्या इव्ही धोरणात राज्य सरकारने इलेक्ट्रिक कारना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर शंभर टक्के टोलमाफी दिली. बरं, दिली. पण त्या कारमध्ये माणसं किती, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही? शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग, मागे रिकाम्या तीन जागा, आणि त्या जागा एसीने गार करत एकटा गडी फुकट पुढे निघून जाणार. आम्ही त्याच्या मागे, पाचजण मांडीला मांडी लावून, टोल भरून.

आम्ही अपडाऊनवाले. राहायला संभाजीनगरात, नोकरीला जालन्यात, रोजचं जाणंयेणं समृद्धीने. (मुख्यालयी का राहत नाही, हा प्रश्न आज नको. त्यावर आधीच पुरेशा बैठका झाल्यात.) गाडी माझी, पेट्रोल सगळ्यांचं. मी बँकेत, एक शाळेच्या मॅडम, एक कोर्टातले भाऊसाहेब, एक स्टील कारखान्यातला इंजिनिअर, आणि पाचवी जागा ज्याची त्या दिवशी बस चुकली त्याची.

गाडी वाटून जाणं म्हणजे काय असतं, हे धोरण लिहिणाऱ्यांना एकदा दाखवायला पाहिजे. रात्री ग्रुपवर "उद्या कोण कोण?" टाकायचं. चार अंगठे आले की झोपायचं. सकाळी सिडको बसस्टँडवर भाऊसाहेबांना घ्यायचं, चिकलठाण्याला इंजिनिअर. तो दोन मिनिटांत आलो म्हणतो तेव्हा आंघोळीला गेलेला असतो. मॅडमना एसी सोसत नाही, भाऊसाहेबांना काच उघडी चालत नाही. मागे मधल्या जागेवर कोण बसणार यावर रोज अबोला. महिनाअखेरीला हिशेब, त्यात "मी त्या मंगळवारी आलोच नव्हतो" हे ठरलेलं. संध्याकाळी एकाची मीटिंग लांबली की चौघं रस्त्यावर उभे. हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं करतो, कारण परवडत नाही. मान्य. पण त्यात रस्त्यावरच्या चार गाड्या कमी होतात की नाही? जालना रोडवर अमरप्रीत चौकात, आकाशवाणीच्या सिग्नलला जी रांग लागते, त्यात आमच्यामुळे चार गाड्यांची जागा मोकळी राहते की नाही? त्याचं बक्षीस काय? शून्य. उलट वरून संशय.

संशयाचं सांगतो. एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्हाला एका तपासणी पथकाने अडवलं. पांढरी नंबरप्लेट, आत पाच माणसं, नात्यातलं कुणी नाही, म्हणजे धंदाच! साहेबांनी टॉर्च मारून एकेक डोकं मोजलं. "सवारी किती रुपयाने नेता?" मी म्हटलं, साहेब, पेट्रोल वाटून घेतो. "म्हणजे पैसे घेता ना?" मॅडमनी शाळेचं ओळखपत्र काढलं, भाऊसाहेबांनी कोर्टाचं नाव काढलं, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या अर्ध्या तासात रिकाम्या जागा घेऊन किती गाड्या शेजारून गेल्या असतील! एकीलाही हात दाखवला नाही. एकटं जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही हो.

आता लगेच म्हणाल, तुमची गाडी धूर सोडते, त्यांची नाही. चला, तोही हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. माझी गाडी लिटरला 15 किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. भागिले पाच. माणशी तीस ग्रॅम. आता इव्ही. मोठी गाडी शंभर किलोमीटरला 15 युनिट तरी खाते. आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम धरा. म्हणजे किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या वर. भागिले एक. बँकेत आयुष्य घालवलंय, भागाकार मला येतो. माणशी धूर कुणाचा तिप्पट?

आणि "झीरो एमिशन" म्हणजे धूर झीरो नाही, धूर दुसरीकडे. तो परळीला असतो. तिथल्या थर्मल वीजकेंद्राची राख ज्यांच्या पत्र्यावर, ज्वारीवर बसते त्यांना विचारा शून्य म्हणजे किती ते. 2015 साली पाणी नाही म्हणून परळीचे सगळे संच बंद पडले होते, हे मराठवाडा विसरलेला नाही. गाडी शहरातल्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये चार्ज होते, पाणी आणि कोळसा बीड जिल्ह्यात लागतो.

इव्हीवर माझा राग नाही. पाच माणसं भरून इव्ही आली तर मी स्वतः तिला वाट देईन. इलेक्ट्रिक बसलाही माफी दिली, उत्तम केलं. पण डिझेलच्या लालपरीत पन्नास माणसं, मागच्या दारापर्यंत उभी, बाया लेकरं घेऊन, आणि तिला या धोरणात माफी नाही. समृद्धीवर 2022 ला दर ठरले तेव्हा कारला किलोमीटरला 1 रुपया 73 पैसे होते आणि बसला 5 रुपये 85 पैसे. मग या हिशेबाने मला सांगा, डोक्यामागे रस्ता कोण जास्त खातं?

हा येडेपणा आपण एकट्यानेच केला असं नाही, म्हणून जास्त चीड येते. कॅलिफोर्नियात हायवेवर वेगळी लेन असते, गाडीत किमान दोन-तीन माणसं असतील तरच त्यात जायचं. मूळ हेतू एवढाच की लोकांनी गाड्या वाटून घ्याव्यात. मग तिथल्या सरकारने कमी धुराच्या गाड्यांना स्टिकर देऊन त्या लेनमध्ये एकट्याने जायची मुभा दिली. 2005 पासून हायब्रीडही (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या) आत घेतल्या आणि पिवळी स्टिकर वाटली तब्बल 85 हजार. झालं काय? ज्यांनी शेजाऱ्याला गाडीत घ्यायची कटकट सोसली, त्यांच्याच लेनमध्ये एकटे घुसले. स्टिकर असलेली जुनी गाडी बाजारात जास्त भावाने विकली जायला लागली. म्हणजे पर्यावरण राहिलं बाजूला, स्टिकरचाच धंदा. शेवटी 2011 ला हायब्रीडची सवलत काढून घेतली. बाकीच्या स्वच्छ गाड्यांची अमेरिकेच्या केंद्र सरकारची परवानगी संपली 30 सप्टेंबर 2025 ला. त्यांनी वीस-पंचवीस वर्षं घालवून जो धडा घेतला, त्याच वर्षी आपण तो पहिल्या पानापासून गिरवायला घेतला. आणि आपल्याकडे तर ती वेगळी लेनही नाही! वाटून जाणाऱ्यांना मुळात काही दिलंच नव्हतं, सवलत थेट एकट्याला.

आमच्याच रस्त्याने रोज एकटे इव्हीतून जाणारे एक साहेब आहेत. त्यांना एकदा चहाच्या टपरीवर म्हटलं, सर, रोज जालन्यालाच येता, दोघातिघांना घेत जा की. ते हसले. म्हणाले, "अहो, मला माझ्या वेळेत निघता येतं ना. आणि गाडीत शांतता लागते मला." लागो बापडी! शांतता कुणाला नको? मलाही पाहिजे. मेथीच्या डब्याचा वास आणि इंजिनिअरच्या लग्नाची चर्चा नको, मस्त गाणी लावून जावं असं मलाही वाटतं. पण मग त्या शांततेचे पैसे भरा ना! ज्याच्याकडे लाखोंची नवी कोरी गाडी घ्यायला आहेत त्याला शेदीडशे रुपयांचा टोल माफ, आणि जी मॅडम पगारातून हप्ते काढून माणशी पेट्रोल भरते तिच्या वाट्यात टोलही धरायचा? हे कोणत्या गरिबाच्या सोयीचं धोरण म्हणे?

संभाजीनगरात गाड्यांची हौस नवी नाही. 2010 साली या शहराने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर नाव झालं. रस्ते मात्र तेच राहिले. आता बिडकीनला इव्हीचे कारखाने येणार म्हणतात. चांगलं आहे, पोरांना नोकऱ्या लागतील. पण शंभर पेट्रोलच्या गाड्यांच्या जागी शंभर इलेक्ट्रिक गाड्या उभ्या राहिल्या तर सेव्हन हिलचा ट्रॅफिक कमी होणार आहे का? गाडी बॅटरीची असली तरी लांबी तेवढीच राहते.

साधी मागणी आहे. कोणतीही गाडी असो, पेट्रोल, सीएनजी, बॅटरी, चार माणसं असतील तर टोल अर्धा करा. इव्हीत चार असतील तर पूर्ण माफ. एकटा असेल तर पूर्ण भर, बाबा, गाडी कसलीही असो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण मोजणार कोण? शक्यच नाही." काय शक्य नाही? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर धावत्या गाडीत ड्रायव्हरने सीटबेल्ट लावला नाही हे कॅमेऱ्याला दिसतं आणि चलन थेट मोबाईलवर येतं. छातीवरचा पट्टा दिसतो आणि शेजारी बसलेला अख्खा माणूस दिसत नाही? कॅलिफोर्नियात टोलच्या टॅगवरच बटण असतं, गाडीत एक, दोन की तीन, आपणच सरकवायचं. खोटं बोललात तर दंड. तेही नको असेल, कॅमेऱ्यावरही विश्वास नसेल, तर त्या रात्री आम्हाला अडवणाऱ्या साहेबांना टोलनाक्यावर उभं करा, टॉर्च देऊन. अंधारात पाच डोकी त्यांनी बरोबर मोजली होती.