‘द मेझ रनर’वरून थोडं भांडण

‘द मेझ रनर’ला ‘पोरासोरांचं पुस्तक’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं भांडण आहे. (पुढे सगळी गुपितं फोडणार आहे. जेम्स डॅशनरची ही कादंबरी 2009 ची, तेव्हा आता तक्रार चालणार नाही.)

अंधाऱ्या लिफ्टमधून थॉमस वर येतो, तेव्हा स्वतःच्या नावापलीकडे त्याला काही आठवत नाही. वर पन्नासेक मुलं, भोवती आभाळाला टेकलेल्या भिंती, त्यापलीकडे भूलभुलैया. संध्याकाळी दारं बंद होतात, रात्री भिंती जागा बदलतात आणि ग्रीव्हर फिरतात: लिबलिबीत अंग, त्यातून बाहेर येणारे लोखंडी हात. आठवड्याला रसद, महिन्याला एक नवा मुलगा. दोन वर्षं हेच.

सगळे त्या ग्रीव्हरांबद्दलच बोलतात. मला धरून ठेवलं ते नकाशांनी. भूलभुलैयाचे आठ भाग. रोज सकाळी ‘रनर’ मुलं आपापल्या भागात पळत सुटतात, दारं मिटायच्या आत परततात आणि घामाघूम अवस्थेतच त्या दिवसाचा नकाशा काढतात. मग आजचा नकाशा कालच्याशी ताडून बघायचा. हाती काही लागत नाही. एके दिवशी थॉमसच्या डोक्यात येतं, की एकाच दिवसाचे आठही भाग एकमेकांवर ठेवून तर बघू. फ्रायपॅन नावाच्या आचारी पोराकडून मेणकागद येतो, नकाशे गिरवले जातात, थप्पी लागते आणि मधोमध चक्क एक अक्षर दिसतं! दुसऱ्या दिवसाचं दुसरं अक्षर. पायी बाहेर पडायची वाट मुळात बांधलेलीच नव्हती. सुटायचं तर ग्रीव्हर जिथून येतात त्याच भोकात उडी घ्यायची आणि तिथल्या कॉम्प्युटरवर अक्षरांतून जुळलेले शब्द टाकायचे. 2014 च्या सिनेमात हे मेणकागदाचं प्रकरणच नाही, म्हणून ‘सिनेमा बघितलाय’ म्हणणाऱ्यांना मी सोडत नाही.

हे सगळं करवणारी संस्था ‘विकेड’. सौरज्वाळांनी जग होरपळलंय, ‘फ्लेअर’ रोग माणसांचा मेंदू पोखरतोय, औषध हवंय. म्हणून मुलांना मरणाच्या दारात उभं करून त्यांच्या मेंदूत काय घडतं ते टिपायचं. हेतू उदात्तच हो! मुलांची नावंसुद्धा यांनीच ठेवलेली, शास्त्रज्ञांवरून: एडिसनचा थॉमस, न्यूटनचा न्यूट, गॅलिलिओचा गॅली. ‘तुझ्या भल्यासाठीच करतोय’ ऐकत वाढलेल्या कुणालाही यांचा सूर ओळखीचा वाटेल.

आणि गॅली. उद्धट, भांडकुदळ, थॉमसवर पहिल्या दिवसापासून डूख धरून असलेला. वाचताना त्याचा राग राग येतो. पण थॉमसवरचा त्याचा संशय खरा निघतो: हा भूलभुलैया रचण्यात थॉमसचाही हात होता. नायकाला लेखकाने असं अडकवून ठेवलं, हे मला फार आवडलं.

पुढचे भाग पहिल्याइतके बांधीव नाहीत, मान्य. ‘द डेथ क्यूअर’मध्ये तर पळापळच जास्त. पण तिथे औषध सापडत नाही, रोग न होणारी मुलं दुसरीकडे निघून जातात, यावर ‘मग एवढं सगळं कशाला?’ म्हणणारे भेटतात, त्यांचं मला पटत नाही. औषध सापडलं असतं तर पहिल्या भागात थॉमसवर फेकलेला सुरा स्वतःच्या अंगावर घेणारा छोटा चक ‘विकेड’च्या वहीत वाजवी खर्च म्हणून लागला असता.